आनंदाचे आईवडील

आबांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांना पोलिसांचा माणूस समजलो होतो. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशा वाक्याने करावी की नाही, याचा मी बराच विचार केला. परंतु श्री. तुकाराम आबा सावंत यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहिणाऱ्या बहुतेक मंडळींनी कधी ना कधी आबांकडे तिरप्या नजरेने पाहिलेले आहे, हे मला ठाऊक आहे. आबा आणि सौ. सगुणाबाई यांनी काय केले हे सांगायचे, तर लोकांनी त्यांच्याविषयी काय काय मनात आणले तेही सांगावेच लागते. ते वगळले तर उरलेली हकीगत गोड होईल, पण खरी राहणार नाही.

मी मूळचा साताऱ्याचा. शिक्षकाची नोकरी लागली ती कवठे महांकाळच्या बाजूच्या एका लहान गावी. माळरान, मेंढ्यांचे वाडे, बाजरीची विरळ ताटे आणि पाण्याची कायमची ओढ. दिवस चळवळीचे होते. भूमिगत मंडळी आमच्या भागात येत-जात. एक ओढा ओलांडला की इंग्रजी हद्द संपून संस्थानी हद्द लागे, त्यामुळे त्यांना ही वाट सोयीची होती. गाव त्यांना भाकरी देई आणि तोंड मिटून बसे. अशा गावात अनोळखी माणूस दिसला की पहिला प्रश्न एकच, हा कुणाचा माणूस? बांगड्या भरायला आलेल्या कासारालाही तो प्रश्न चुकला नव्हता. मी स्वतः मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा गावाने माझी ट्रंक उघडून पाहिली होती.

त्या उन्हाळ्यात गावाने शाळेशेजारी नवी विहीर खणायला काढली. एका दुपारी खणण्याचे काम चालू असताना एक बैलगाडी येऊन थांबली. तिच्यातून ताठ बांध्याचे, पांढऱ्या मिशांचे, खाकी कोट घातलेले गृहस्थ उतरले. मागोमाग त्यांच्या पत्नी. गाडीवान बैलांपाशीच खाली मान घालून उभा राहिला. गृहस्थांच्या खांद्यावर दोराचे भेंडोळे होते आणि हातात कंदील होता. कंदील पेटलेला होता. डोक्यावर रणरणते ऊन आणि हातात पेटलेला कंदील! आम्ही सगळे नुसते बघत राहिलो.

गृहस्थ काठाशी आले, रामराम घातला आणि म्हणाले, "आत किती मानसं हायती? नावं काय त्यांची?"

आमच्या गावचे पाटील लिंबाखाली बसले होते, ते उठले. "नावं कशाला पायजेत?"

"हाका मारायला."

"हाका मारायला आमी हाय की. तुमी कोन?"

"सोनवडीचा सावंत. पलटनीत हुतो. हवालदार म्हनून पेन्शन झाली."

"आन् इकडं कुनी धाडलं?"

"कुनी न्हाई. हिरीचं काम निघालंय असं तासगावच्या बाजारात कानावर आलं, म्हनून आलो. आत हवा वंगाळ असती कवा कवा. कंदील सोडून बगावी म्हनलं."

सरकारची पेन्शन खाणारा माणूस. येरळाकाठची बागायती सोडून आमच्या माळावर, कुणी बोलावले नसताना आलेला. आल्या आल्या नावे विचारणारा. त्यांच्या प्रत्येक उत्तराने संशय वाढतच गेला. पाटलांनी काम थांबवले, आतल्या माणसांना वर घेतले आणि म्हणाले, "पाव्हणं, पानी प्या आन् माघारी फिरा. आमची हीर आमी बगून घिऊ."

आबांनी वाद घातला नाही. एवढेच म्हणाले, "बरं. कंदील तरी ठिऊन घ्या."

पाटलांनी कंदीलही ठेवून घेतला नाही. गाडी फिरली. सगुणाबाई मात्र गाडीत बसेपर्यंत विहिरीतून वर आलेल्या गड्यांकडे एकेकाच्या तोंडाकडे पाहत होत्या. ते पाहून कुणीतरी कुजबुजले, "तोंडं वळकून ठेवत्याय बगा बाई."

तिन्हीसांजेला चावडीवर बैठक बसली. पोलिसांचा खबऱ्या, यावर बहुतेकांचे एकमत झाले. दोघा म्हाताऱ्यांचे मत निराळे होते. विहीर बळी मागते, आणि असला माणूस ठिकठिकाणी कुणाचा तरी बळी ठरवत हिंडतो, असे त्यांचे म्हणणे. शेवटी ठरले की सोनवडीला जाऊन खरे काय ते काढावे. मी बाहेरगावचा, कुणाच्या भावकीतला नव्हे, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडले.

सोनवडीच्या वेशीवर पारावर बसलेल्या एका गृहस्थांना मी सावंतांचे घर विचारले. ते हसले. "तुकाराम आबाचं? ते काय, चिंचंखालचं. लय पुन्यवान मानसं! ज्या भावकीपायी पोरगं गेलं, तिच्याच दारात भाकरी पोचवत्यात. त्यात कायतरी हाय, पाव्हणं. आसल्याबिगर कोन करतंय?"

म्हणजे ज्या गावात हे दाम्पत्य जन्मभर राहिले, त्या गावालाही त्यांचा भरवसा वाटत नव्हता. माझा संशय पक्का झाला.

मी गूळ खरेदीच्या निमित्ताने आलो आहे असे सांगायचे, असे ठरवून गेलो होतो. सगुणाबाई अंगणात होत्या. त्यांनी मला लगेच ओळखले. माझे गुळाचे बोलणे पुरते ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मास्तर, गुऱ्हाळं कवाच उठली. गूळ बगायचा तर थंडीत या. आता हातपाय धुवा, जेवा, आन् मग काय इचारायचं आलंय ते इचारा."

मी जेवलो. आबा तासगावला गेले होते. सगुणाबाई उंबऱ्याशी बसल्या आणि त्यांनी जे सांगितले ते मी माझ्या शब्दांत येथे देतो. कारण आबा हे कधी सांगत नाहीत, आणि त्यांच्या गौरवाच्या ग्रंथात ते नसले तर ग्रंथाला अर्थ नाही.

आनंदा हा त्यांचा एकुलता एक मुलगा. मिसरूड फुटू लागलेले, अंगाने काटक, पोहण्यात पटाईत. आबांनी मनात त्याच्यासाठी पलटण योजली होती. त्याला स्वतःला मात्र उसाच्या फडात राहायचे होते. त्यांच्या शेताला लागून भावकीतल्या रामा नानांचे शेत. मधल्या बांधावरून दोन्ही घरांत कोर्टकचेरी चालू होती. एकमेकांच्या दारातून जाताना माणसे मान फिरवीत.

नानांच्या शेतात एक जुनी, बरेच दिवस बाभळीचे काटेरी फेसाटे टाकून झाकून ठेवलेली विहीर होती. पाण्याची टंचाई झाली म्हणून तिचा गाळ काढायला नानांचा थोरला मुलगा बाजी आत उतरला आणि त्याचा आवाजच येईना. बघायला धाकटा उतरला, तोही गप्प झाला. काठावर राहिले म्हातारे नाना आणि बाजीची बायको हिराबाई. तिने फोडलेली किंकाळी शेजारच्या फडात आनंदाने ऐकली.

तो बांध ओलांडून धावला. फडके भिजवून तोंडाला बांधले, मोटेच्या दोराला धरून खाली उतरला, धाकट्याला दोर बांधला आणि "वढा" म्हणून ओरडला. नाना आणि हिराबाई यांनी त्याला वर घेतले; मोकळ्या हवेत तो हळूहळू सावध झाला. दोर पुन्हा खाली गेला तशी आनंदाने स्वतः वर यायला हवे होते. नानांनी वरून तसे सांगितलेही. त्याने तो दोर बाजीच्या काखेतून घेतला. बाजी वर आला, तेव्हा श्वास चालू होता. दोर तिसऱ्यांदा खाली गेला, तेव्हा तो धरायला कुणी उरले नव्हते. गाव गोळा झाले, आबा बाजारातून धावत आले, त्यांना चौघांनी धरून ठेवले. आनंदाला गळ टाकून वर काढावे लागले.

सगुणाबाई हे सांगत असताना त्यांचा आवाज हलला नाही. पुढचे सांगताना हलला.

"मास्तर, लोकं यायची आन् कानाशी लागायची," त्या म्हणाल्या. "म्हनायची, सगुणा, दोर उशिरानं सोडला गं. कोरटातला वारस गेला, त्येंचं बरंच झालं की. म्या ऐकून घ्यायची. रडू यायचं न्हाई. निस्तं हेच डोस्क्यात, त्येंनी मुद्दाम केलं का? त्येंनी मुद्दाम केलं का?"

आनंदाची राख सावडून आणली आणि त्याच दिवशी कळले की बाजीला शुद्ध आली तरी त्याच्या छातीत श्वास भरत नाही, तो बरळतो आहे. त्याला मिरजेला नेणे भाग होते. नानांचे बैल चाऱ्यासाठी दूर पाहुण्यांकडे दिलेले होते; सावरलेला धाकटा ते आणायला गेला होता. गावात कुणी गाडी देईना, कारण देणारा कुणाच्या बाजूचा हा प्रश्न आलाच. आबांनी कुणाला काही न बोलता आपली गाडी जुंपली आणि नानांच्या दारात नेऊन उभी केली.

नाना कुऱ्हाड घेऊन दारात आडवे झाले. "तुकाराम, माजं पोरगं वाटंत मारशील तू."

आबा म्हणाले, "नाना, तुमीबी बसा गाडीत. कुऱ्हाड घिऊन बसा."

आणि नाना खरोखरच कुऱ्हाड मांडीवर घेऊन बसले. सोनवडीपासून मिरजेपर्यंत ते म्हातारे आबांच्या पाठीमागे तशी कुऱ्हाड धरून होते आणि आबा एकदाही मागे न पाहता गाडी हाकीत होते. ज्या बापाने सकाळी मुलाच्या अस्थी गोळा केल्या, तो बाप. मी आजवर शाळेत पुष्कळ शूरांच्या कथा शिकवल्या, पण ही गाडी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

मिरजेत डॉक्टरांना आबांनी एकच विचारले, "साहेब, आत काय झालं आसंल?" डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी समजावून सांगितले की बंद विहिरीत वाईट हवा तळाला साचून राहते, ती दिसत नाही, तिला वास असतोच असे नाही. आधी पेटता कंदील सोडून पाहिला असता तर तो विझला असता आणि कुणी उतरले नसते. आबा मिरजेच्या पेठेत गेले आणि कंदील घेऊन आले. परतीच्या वाटेवर नानांनी कुऱ्हाड गाडीत आडवी टाकली होती.

इकडे हिराबाई घरात एकटी होती. तिच्याकडे शेजारपाजारचे कुणी फिरकेना. सगुणाबाई भाकरी आणि कालवण घेऊन गेल्या. "दया आली म्हनून न्हाई गेले," त्यांनी मला स्पष्ट सांगितले. "तिच्या डोळ्यांत बगायचं हुतं मला. दोर तिच्याच हातात हुता."

हिराबाई ताटाला हात लावीना. तिला वाटले, भाकरीत काही कालवले असेल. सगुणाबाईंच्या ते लक्षात आले. त्यांनी तुकडा मोडून आधी स्वतः खाल्ला आणि म्हणाल्या, "आता खा." तरी हिराबाईचा हात पदराखालून बाहेर येईना. सगुणाबाईंना वाटले, ही काहीतरी लपवते आहे. त्यांनी तिचा हात ओढून बाहेर काढला. हाताला चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. चिंध्या सोडल्या, तर दोन्ही तळव्यांची कातडी निघून आलेली. दोर ओढून ओढून आतले मांस दिसत होते. तिला भाकरी मोडता येत नव्हती. तिने ते कुणाला सांगितलेही नव्हते, कारण ऐकणारे तिच्याकडे कोण येत होते?

"मग मला रडू आलं," सगुणाबाई म्हणाल्या. "तवा पयल्यांदा आलं. दोर सोडनाराचं हात असं हुत्यात व्हय, मास्तर? म्या तिला घास भरवलं. आन् म्हनलं, हिरे, माज्या आनंदानं तुमच्या घरात जीव ठिवलाय. त्यो आता मला सांबाळाय पायजे."

हे त्या सांगत होत्या तेव्हा हिराबाई अंगणात धान्य पाखडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण सुपाचा आवाज थांबला होता. आणि आमच्या गावी आबांची गाडी हाकणारा, बैलांपाशी खाली मान घालून उभा राहिलेला माणूस म्हणजे बाजी, हे मला तेव्हा कळले.

तेव्हापासून आबा आणि सगुणाबाई जेथे विहीर खणली जात असेल, गाळ निघत असेल, तेथे जाऊ लागले. आधी कंदील सोडायचा. माणसे आत असेपर्यंत काठावरून हलायचे नाही. थोड्या थोड्या वेळाने एकेकाचे नाव घेऊन हाक मारायची आणि उत्तर आल्याशिवाय गप्प बसायचे नाही. नावे हवी असत ती याकरिता. सगुणाबाई गड्यांसाठी भाकऱ्या थापून आणीत. ज्या गावाला परवडत नसेल तेथे कंदील आणि दोर ठेवून येत. या सगळ्याचा खर्च आनंदाच्या वाट्याच्या उसातून होई. तो तुकडा आबांनी मुलाच्या नावानेच राखला होता.

मी परत येऊन हे सगळे पाटलांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मास्तर, जेवलासा व्हय तिथं?"

"जेवलो."

"मंग झालं," पाटील म्हणाले आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवसापासून गाव माझ्याशी जपून बोलू लागले. मी आल्यावर पारावरची बोलणी थांबत. मास्तरालाही फिरवला, असे सगळ्यांनी धरून चालले. एखाद्या माणसाच्या चांगुलपणाची साक्ष देणाराही संशयित ठरतो, असे ते दिवस होते.

मध्यंतरी विहिरीला कातळ लागला. सुरुंग लावले गेले. नंतर गावची जत्रा आली म्हणून काम थांबले. जत्रा उरकून काम पुन्हा सुरू व्हायचे त्या सकाळी सोनवडीची गाडी परत आली. कुणी बोलावलेले नव्हते. सुरुंग उडाल्याचे ऐकून, त्याची वाईट हवा तळाला साचली असेल म्हणून ते आले होते. पाटलांचे धाकटे भाऊ पहिले उतरणार होते. त्यांनी धोतर खोचून दोर हाती घेतला होता.

आबा पुढे झाले. "पाटील, यकडाव कंदील सोडू द्या. मग खुशाल उतरा. तुमी म्हनशीला तर म्या परत या शिवंत पाय ठेवनार न्हाई."

पाटील चिडले. "तुमच्या पोराला हिरीनं खाल्लं, ते ऐकलंय आमी. आता आमच्या हिरीला कोन दाखवाय आलाय?"

अशा बोलण्यापुढे कुणीही माघारी फिरला असता. आबांनी कंदील खाली ठेवला, कोट उतरवला आणि दोराचा फास स्वतःच्या काखेत घेतला. "मग म्या उतरतो आधी. मला काय झालं तर तुमच्या भावानं उतरू नये, येवढंच."

दोराचे दुसरे टोक सगुणाबाईंनी उचलले. त्या काठाशी पाय रोवून उभ्या राहिल्या आणि पाटलांना म्हणाल्या, "आवं पाटील, माजं लेकरू गेलं तवा दोर दुसऱ्याच्या हातात हुता. आज माज्या मालकाचा दोर माज्या हातात हाय. मी काय ह्येंना माराय आलेय व्हय?"

बाजी गाडीपाशी उभा होता तो पळत आला आणि त्यानेही दोराला हात घातला. त्याच्या तोंडावरचा घाम मला दिसत होता. विहिरीच्या काठाशी यायला त्या माणसाला काय लागले असेल, ते त्यालाच ठाऊक. नंतर कळले की आनंदा गेल्यापासून विहिरीच्या काठावर तो त्या दिवशी पहिल्यांदाच आला होता.

पाटलांनी हात वर केला. "थांबा. सोडा कंदील."

कंदील खाली जाऊ लागला. आम्ही सगळे वाकून पाहत होतो. उजेडाचा ठिपका कातळाच्या भिंतीवरून उतरत गेला आणि अर्ध्याहून थोडा खाली गेल्यावर लहान होत होत नाहीसा झाला.

तरीही एक आवाज आलाच. "तेल कमी घातलं आसंल. ह्यो डाव हाय."

मला राग आला, पण आबांना आला नाही. ते म्हणाले, "खरं हाय त्येंचं. तुमचा कंदील आना."

पाटलांच्या घरून कंदील आला. पाटलांनी स्वतः त्यात तेल घातले, स्वतः वात वर केली, स्वतःच्या हाताने दोराला बांधला आणि स्वतः खाली सोडला. तो त्याच जागी विझला. पाटलांनी दोर वर ओढून घेतला, काच हाताने चाचपून पाहिली आणि भावाकडे न पाहता म्हणाले, "मागं सर."

मग काम सुरू झाले ते हवा काढण्याचे. लिंबाच्या डहाळ्यांचे भारे दोराला बांधून वर-खाली केले. धनगरांनी घोंगड्या आणल्या आणि चौघे चौघे मिळून त्या विहिरीत झोडपू लागले. ज्या लोकांनी सकाळी आबांकडे पाठ केली होती, ते त्यांना "आता बास का, आबा?" असे विचारू लागले. दिवस कलता कलता सोडलेला कंदील तळाला जाऊन टेकला आणि तेथेच जळत राहिला. पाटलांचे भाऊ उतरायला निघाले. तेव्हा पाटील आबांजवळ गेले आणि हळू आवाजात त्यांना उतरणाऱ्यांची नावे सांगू लागले.

त्या विहिरीला पाणी लागले. आजही शाळेची मुले ते पितात.

संशय मात्र एका विहिरीने संपला नाही. पुढे एका फौजदारांनी आबांना ठाण्यावर बसवून ठेवले. दिवसाढवळ्या कंदील पेटवून माळावर हिंडणारा माणूस भूमिगतांना इशारे देत असणार, असा त्यांचा तर्क. गंमत अशी की भूमिगत मंडळींना नेमकी उलट शंका होती. आबांनी फौजदारांना तेच उत्तर दिले जे आमच्या पाटलांना दिले होते: कुनी धाडलं न्हाई, हिरीतली हवा बगाय आलो. फौजदारांचा विश्वास बसला नाही. आबांच्या सुटकेसाठी ठाण्यावर कोण गेले असेल? आमचे पाटील. पोलिसांच्या दारात कधी पाऊल न ठेवणारे पाटील भर उन्हात चालत गेले आणि फौजदारांना म्हणाले, "ह्यो मानूस आमच्या गावचा हाय. काय इचारायचं ते मला इचारा." आबा आमच्या गावचे नव्हते. पण त्या दिवसापासून झाले.

माझ्या घरातली एक गोष्ट सांगितल्यावाचून लेखणी थांबवणे मला जमणार नाही. माझ्या पत्नीचे पहिले बाळंतपण त्याच गावी आले. साताऱ्याहून आईला येणे जमले नाही. सगुणाबाईंना कळले आणि त्या डिंक, तूप घेऊन आल्या. शेजारणी माझ्या पत्नीच्या कानाला लागल्या, जिचे एकुलते एक लेकरू गेले तिची सावली बाळंतिणीवर कशाला? सगुणाबाईंनी ते ऐकले असावे. त्या ओट्यावरच बसून राहिल्या. मी आत बोलावले तर म्हणाल्या, "नगं मास्तर. म्या हितनंच काय लागंल ते करते. उद्या काय कमीजास्त झालं तर लोकं तुमास्नी बोलत्याल." आतून माझ्या पत्नीने ते ऐकले आणि कण्हत कण्हतच हाक मारली, "आई, आत या. मला तुम्हीच हव्यात." सगुणाबाई उठल्या, पदर खोचला आणि आत गेल्या. माझी मुलगी प्रथम त्यांच्या हातात आली. ती आज घरभर धावते आणि आबांच्या मिशा ओढते.

या गौरवाची वार्ता घेऊन आम्ही मंडळी सोनवडीला गेलो, तेव्हा आबांनी आम्हा सगळ्यांवर नजर फिरवली आणि विचारले, "कुनाला लोकल बोर्डाच्या विलेक्शनला हुबं ऱ्हायाचं हाय?" आम्ही हसलो. ते हसले नाहीत. कुणालाही उभे राहायचे नाही, याची त्यांनी एकेकाकडून खात्री करून घेतली. इतकी वर्षे लोकांनी त्यांच्या चांगुलपणामागे डाव शोधला. आता आमच्या चांगुलपणामागे त्यांनी तो एक दिवस शोधला, तर तेवढा हक्क त्यांचा आहे. गौरव समितीत रामा नानांचे नाव दिसल्यावर मात्र त्यांनी मान्यता दिली. नाना आता फार थकले आहेत. बांधाचा दावा दोघांनी मिळून काढून घेतला, आणि तेथे आता दोन्ही घरांची मिळून नवी विहीर आहे.

आता अशा लेखाच्या शेवटी जे मागायचे असते ते मागतो. पण त्याआधी सगुणाबाईंची परवानगी घ्यावी लागली, ते सांगतो. आनंदा गेल्यानंतर कित्येक दिवस त्यांना कुणी "शंभर वर्षं जगा" म्हटले की त्या तोंड फिरवीत. ज्याने जगायचे तो गेला आणि लोक आम्हाला आयुष्य कसले देतात, असे त्यांना वाटे. म्हणून गेल्या आठवड्यात निरोप घेताना मी दोघांच्या पाया पडलो आणि भीत भीत म्हणालो, "आई, ग्रंथाच्या शेवटी तुम्हा दोघांसाठी उदंड आयुष्य मागणार आहे. चालेल ना?"

सगुणाबाईंनी आबांकडे पाहिले. आबा अंगणात नव्या दोराला पीळ भरत होते. पिळाचे दुसरे टोक बाजीच्या हातात होते.

"मागा," त्या म्हणाल्या. "आता मागा, मास्तर. निरोगी मागा मातूर. अजून लय काम पडलंय."

त्यांच्या शब्दांबाहेर माझे मागणे नाही.